पायाला हात लावणारे डॉक्टर

आमच्या अप्पा डॉक्टरांना रस्त्यात भेटायची लोकांना धास्ती असे. सांगलीच्या बाजारात जुना पेशंट दिसला, की साठीचा हा माणूस नमस्कार-चमत्कार सोडून सरळ खाली वाकायचा आणि त्याच्या पायाला हात लावायचा. "आवं डाक्टर, पाप लावताय व्हय मला!" म्हणून तो बिचारा मागे सरायचा. अप्पा घोट्यामागे दोन बोटं टेकवून म्हणायचे, "गप रं गड्या. पाया पडत न्हाई, नाडी बघतोय." भाजीवाल्या तोंडाला पदर लावून हसायच्या.

सत्तरच्या दशकात मी त्यांच्या वॉर्डात सिस्टर होते. तुटलेली रक्तवाहिनी शिवण्यात अप्पांचा हात धरणारा आमच्याकडे कोणी नव्हता. पण त्यांची खरी काळजी शिवल्यावर सुरू व्हायची. शिवलेल्या जागी नळी आतून भरत येते, अरुंद होते आणि वाचलेला पाय पुन्हा जायची वेळ येते. "बाहेरची जखम भरली की माणूस हसतो. आतली नको तेवढी भरली की पाय रडतो," ते म्हणत. रक्त पातळ राहायच्या गोळ्या देत, पण नाखुशीनेच. "एका घरात निरोप द्यायचा आन् सगळ्या जिल्ह्यात दवंडी पिटायची, असलं आपलं औषध! त्या शिवणीपाशीच जाऊन बसंल असं कायतरी पायजे." तसं काही तेव्हा नव्हतं. म्हणून मग बोटं: नळी अरुंद होऊ लागली, की घोट्यामागची नाडी बारीक लागते.

नाडी बघण्याआधी ते चहाच्या ग्लासावर बोटं शेकत. "गार बोटाला सोताचाच गारठा कळतो, सिस्टर." हे चहाचंच निमित्त आहे, असं मी चिडवायची.

आष्ट्याकडच्या संपतला ऊस तोडताना गुडघ्यामागे कोयता लागला. अप्पांनी दुसऱ्या पायातली शीर काढून जोडली. महिन्याच्या महिन्याला दाखवायला ये, असं बजावून घरी सोडलं. एकदा आला, मग गायबच! अप्पांना चैन पडेना. शेवटी एका रविवारी मला घेऊन ते एसटीने त्याच्या वस्तीवर गेले.

संपत बाहेर आला. अप्पा वाकले, तशी त्याची आई अनसाबाई धावत मध्ये पडली. "नगा वो! बापाच्या वयाचा माणूस पोराच्या पायाला हात लावतोय, माझ्या जिवाला घोर लागतो. मीच त्येला म्हनलं, जाऊ नगंस."

अप्पा ओशाळले. मग ओट्यावर टेकत म्हणाले, "बरं. आईनं लेकराच्या पायाला हात लावला तर पाप लागतं का?"

"त्ये कसं लागंल? न्हाऊ-माखू घातलंय की त्येला."

"मग या हिकडं."

आलेल्या चहाच्या ग्लासावर त्यांनी तिची बोटं शेकायला लावली आणि संपतच्या घोट्यामागे टेकवली. बाईने बोटं जराशी इकडे-तिकडे सरकवली. मग एकदम तोंड उजळलं. "उडतंय की वो!"

पुढे रोज सकाळी चूल पेटली की ती आधी लेकाची नाडी बघायची. दिवाळीच्या तोंडावर त्याला घेऊन पहिल्या एसटीने हजर झाली. "काल उडत हुतं. आज लय बारीक लागतंय." संपत कुरकुरत होता, "दुखत न्हाई काय न्हाई, उगंच आणलंय." अप्पांनी हात लावला, आणि त्याच दिवशी पाय पुन्हा उघडून अरुंद झालेली जागा रुंद केली. संपत चालत घरी गेला. तेव्हापासून अप्पा प्रत्येक पेशंटच्या आईला नाहीतर बायकोला नाडी शिकवू लागले. बाजारातलं वाकणं काही सुटलं नाही, फक्त आधी विचारायचे, "लावू का हात?"

काही वर्षांनी अप्पा गेले. दुपारी आरामखुर्चीत बसल्या बसल्याच. मला फार रडू आलं. दर्शनाला रांग लागली होती. जो तो त्यांच्या पायांवर डोकं ठेवत होता. आयुष्यभर त्यांनी कोणाला तेवढी सवड दिली नव्हती. अनसाबाई संपतबरोबर आली. तिने डोकं टेकवलं नाही. पायांशी बसली, पदरात बोटं चोळली आणि दोन बोटं अप्पांच्या घोट्यामागे ठेवली.

रांग थांबली. थोड्या वेळाने संपत हळूच म्हणाला, "आई, ऊठ आता."

"थांब रं," ती म्हणाली. "माझीच बोटं गार हायती."