राहिलेला डावा पाय

दुपारी जुलेखाभाभींचा फोन आला, "गुरुजी, हे गेले… जेवून आडवे झाले ते उठलेच नाय." मी त्यांच्या घरी पोचलो तेव्हा इस्माईलभाई पांढऱ्या चादरीखाली होते. चादरीच्या टोकाशी पावलांचे दोन उंचवटे दिसत होते. रडू येण्याआधी माझी नजर तिथंच खिळली. त्यातलं डावं पाऊल सहा वर्षांपूर्वीच जायचं होतं…

इस्माईलभाई तांडेल, मच्छीमार होडीचे म्होरके. मी पूर्णगडच्याच शाळेतला मास्तर. माझ्या निवृत्तीनंतर आम्ही रोज खाडीकाठी बसायचो, फारसं न बोलता. त्या वर्षी त्यांच्या डाव्या पायाची बोटं काळवंडू लागली. मधुमेह आणि विड्या, दोघांनी मिळून रक्ताची वाट बुजवली होती. पाय वर घेतला की ठणका असह्य व्हायचा, म्हणून ते पाय लोंबता सोडून बसल्या बसल्याच डुलकी घ्यायचे. रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी गुडघ्यावरून पाय काढायला सांगितलं. बाहेर आल्यावर ते हळूच म्हणाले, "गुरुजी, एका पायाचा तांडेल बघितलात काय कधी?"

मग कुणीतरी रक्तवाहिन्यांच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. त्या म्हणाल्या, "चाचा, उजव्या पायातली शीर काढून डाव्यात जोडते. अडलेल्या जागेला वळसा घालून रक्त खाली उतरेल. पण तुमचं हृदय थकलंय. टेबलावरच काही झालं तर…"

"पाय जाऊ दे," भाभी म्हणाल्या. "मला माणूस हवा."

इस्माईलभाई त्यांच्याकडे वळले. "चालत येतो तुझ्याकडं," म्हणाले.

ऑपरेशनला सकाळी आत नेलेलं, ऊन कलल्यावर बाहेर आणलं. बाईंनी रक्ताचा आवाज ऐकवणारं पेनाएवढं यंत्र पावलावर टेकवलं. आधी नुसती खरखर. त्यांनी ते किंचित सरकवलं… आणि खोलीभर आवाज घुमू लागला, फळीवर लाट आपटावी तसा, संथ, एकसारखा. इस्माईलभाईंनी गुंगीतच विचारलं, "होडी कुठं लागली?"

"घरी," भाभी म्हणाल्या.

पुढं दोन बोटं काढावी लागली, जखम भरायला महिने गेले, होडी मुलाकडे गेली, विडी कायमची सुटली. पण पाऊल राहिलं. त्या पावलानं ते रोज खाडीपर्यंत येत राहिले, सावकाश, जणू पाण्यावरून चालताहेत असे.

ते गेल्यानंतर परवा संध्याकाळी भाभींना भेटायला गेलो. त्या ओट्यावर घमेल्यात कोमट पाणी ओतत होत्या. इस्माईलभाईंच्या पावलांना चटका कळत नसे, म्हणून पाय धुवायचं पाणी त्या आधी कोपर बुडवून बघायच्या. आताही बुडवलं, आणि थबकल्या. मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "जास्त गरम नाय ना, गुरुजी?"

मी बाही वर केली, कोपर बुडवलं.

"नाही भाभी," म्हटलं. "बरोबर आहे."