मोहरीचे दोन दाणे

जुना फ्रिज न्यायला आज माणसं आली. त्याचं दार उघडताच थंड रबराचा वास आला.

मुलं लहान होती तेव्हाची गोष्ट, त्यांना नाताळची सुट्टी होती. सोलापूरच्या जुळे सोलापूर भागातल्या घरी मी फ्रीजरमधला बर्फ उलथन्यानं खरवडला. मुलांनी ताटात त्याचा बाहुला केला, मोहरीचे डोळे लावले. बाबा कामावरून येईपर्यंत तो टिकायला हवा होता. धाकट्या राजूनं त्यावर चादर घातली.

“येड्या, उबेनं वितळंल की!” मनीषा ओरडली.

“आगं ताई, थंडी वाजतीय त्याला!”

मी खूप हसले.

संध्याकाळी त्यांच्या बाबांच्या अपघाताचा निरोप आला. ते गेले होते. माणसं जमली, अंथरायला कुणीतरी ती चादर उचलली. ताटात पाणी होतं, तळाशी मोहरीचे दोन दाणे. मी ताट धुऊन जागेवर ठेवलं.

नव्या फ्रिजमध्ये बर्फ साचत नाही, असं आज जुना फ्रिज नेताना माणसं सांगून गेली.