बोलू नका, दादा रेकॉर्ड करून राह्यला

"वाजवणारे कुठी बसले हायेत?"

सहा-सात वर्षांचा असताना, आयुष्यातला पहिला सिनेमा पाहताना मी हे विचारलं होतं. आमच्या झाडीपट्टीत नाटकं होतात. नाटकात ऑर्गनवाला आणि तबलेवाला स्टेजसमोरच बसतात, सगळ्यांना दिसतात. राजा रडायला लागला की ऑर्गनवाला आधी तोंडातला खर्रा थुंकतो आणि मग वाजवतो. सिनेमात मात्र हिरो वाळवंटात एकटा चालला होता आणि तरी वाजत होतं! मी बाबाला विचारलं, दादाला विचारलं, बाजूच्या अनोळखी माणसालाही विचारलं. बाबा म्हणाला, "चूप बस, नाईतर बाहेर नेतो."

उत्तर अजूनपर्यंत कोणी दिलेलं नाही. दादानेही दिलं नाही. पण त्या दिवसापासून तो कान देऊन ऐकायला लागला, तो शेवटपर्यंत.

दादाला जाऊन तीन महिने झाले. नागभीडला विलासभाऊच्या मोबाईल दुकानासमोर एक बाकडं आहे, तिथे आम्ही अजून बसतो. मी कोणाला काही विचारत नाही, पण कोणीतरी एक किस्सा काढतो आणि त्याच्या मागे दुसरा येतो. जाळं ओढलं की एका मासोळीत दुसरी अडकून यावी, तसं. मी सातवी शिकलेला माणूस. जसं येईल तसं लिहितो.

*

दादा गाणी जमवत नव्हता. गाण्यांच्या मधे जे वाजतं, ते जमवायचा. सिनेमातलं, मालिकेतलं, मोबाईलच्या गेममधलं. विलासभाऊ म्हणायचा, "लेका, नेटवर शोध ना, सगळं भेटते."

दादा म्हणायचा, "शोधतो. काय लिहू?"

गाण्याला नाव असतं. बाई दारातून परत जाते तेव्हा जे वाजतं, ते काय लिहून शोधणार?

म्हणून दादा टीव्हीसमोर मोबाईल धरून बसायचा. चारशेच्या वर तुकडे जमवले त्याने, पण एकही चोख नव्हता. कशात कुकरची शिट्टी, कशात बाबाचा खोकला, कशात खुद्द मालिकेतलीच माणसं बोलत असलेली. तो मला म्हणायचा, "एक तरी तुकडा असा पायजे बाल्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मधात कोणी म्हणजे कोणी नाई."

*

विलासभाऊ दुकानासोबत लग्नाची व्हिडिओ शूटिंगही करतो. मुलगी सासरी निघते त्या सीनसाठी त्याने एकदा दादाकडून एक तुकडा नेला. घाईत होता, पूर्ण ऐकला नाही. त्या तुकड्यात मधेच आमचा बाबा ओरडलेला होता.

नवरीच्या घरी सगळे सोफ्यावर बसून व्हिडिओ पाहत होते. नवरी बापाच्या गळ्यात पडते, सगळे डोळे पुसतात, बासरी वाजते, आणि एकदम आवाज येतो, "बकरी सुटली! धरा बे तिले!"

विलासभाऊ सांगतो, त्याला वाटलं आता मार खातो. नवरीचा बाप उठलाच होता. तेवढ्यात कोपऱ्यातून नवरीची आजी ओरडली, "पाह्यलं? मी त्या दिवशी बोंबलून बोंबलून सांगत होती, बकरी सुटली म्हणून! कोणी ऐकलं काय माहं?"

खरंच त्या दिवशी त्यांची बकरी सुटली होती! आजीने तो सीन अजिबात कापू दिला नाही.

*

एका शेतकऱ्याच्या धानात रानडुकरं शिरायची. तो दुकानात आला आणि म्हणाला, "भुताच्या सिनेमातलं काही हाय काय? भोंग्यावर लावून देतो. डुकरं पळाले पायजे."

दादाने विचार करून करून एक तुकडा दिला. आठ दिवसांनी तो माणूस परत आला.

"काय झालं भाऊ? डुकरं पळाले काय?"

"डुकरं येऊन खाऊन गेले. मीच आठ दिवसांपासून शेतात गेलो नाई!"

*

गेमचं वेगळंच. गोळीबाराचा एक गेम होता, चार जणांची टीम. त्यात जंगलात एका जागी फार छान वाजायचं. पण आपला माणूस चालला की त्याच्या पावलांचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो. म्हणून दादा आपल्या माणसाला झाडाखाली नुसता उभा करायचा.

विलासभाऊ त्याच टीममध्ये. तो ओरडायचा, "दादा, डाव्या बाजूनं आले! गोळी मार ना!"

"थांब ना बे. आता सारंगी येणार हाय."

"अरे मेलास! मेलास ना!"

दादा शांतपणे म्हणायचा, "तूही थोडा लवकर मरून पाह्यत जा. मेल्यावर जे वाजते ते याच्याहून चांगलं हाय."

विलासभाऊने त्याला टीममधून काढून टाकलं. हा किस्सा आता आम्ही सांगत नाही. पण सगळ्यांना आठवतो, हे बाकड्यावर बसल्यावर कळतं.

*

आमच्याकडे पत्रिकेच्या आधी सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या आजाराचा, कागद पाहतात. दादाच्या कागदावर लहानपणापासून आजार लिहिलेला. हातपाय दुखायला लागले की माणूस चार-चार दिवस उठत नसे. त्यामुळे स्थळं यायची आणि कागद पाहून परत जायची.

चिमूरकडच्या एका मुलीचा कागद साफ होता. तिचे वडील म्हणाले, "या तर खरं." बाबा, विलासभाऊ, मी आणि दादा गेलो. घरात टीव्ही चालू होता. मुलीच्या वडिलांनी दादाला विचारलं, "मग, मासोळीच्या धंद्याशिवाय दुसरं काय करता?"

दादाने हात वर केला. "एक मिनिट." आणि खिशातून मोबाईल काढून टीव्हीकडे धरला!

बाबाने कपाळाला हात लावला. होणारे सासरे तोंड उघडं ठेवून बसले. तेवढ्यात मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली. तिने एकदा मोबाईलकडे पाहिलं आणि ट्रे इतका हळू ठेवला की एक कप दुसऱ्या कपाला लागला नाही.

वाजणं संपलं. दादाने मोबाईल खाली घेतला. ती म्हणाली, "हे काईच नाई. दर मंगळवारी ते बाई नदीवर जाते, तवाचं ऐका."

परत येताना जीपमध्ये बाबाने विचारलं, "मुलगी कशी वाटली?"

दादा म्हणाला, "मंगळवारपर्यंत थांबा."

बुधवारी होकार कळवला. तीच माझी वहिनी.

*

हा माझा किस्सा आहे. कोणाला माहीत नाही, म्हणून मीच सांगतो.

शाळा मी सोडली ती दादाला पाण्यात उतरणं जमत नव्हतं म्हणून. थंड पाण्यात गेला की त्याचं दुखणं उठायचं. मग तलावाचं काम माझ्याकडे आलं. एका दिवशी सकाळपासून एकटा जाळं ओढून ओढून माझे हात सोलले होते. घरी आलो तर हा टीव्हीसमोर मोबाईल धरून बसलेला. बोटाने मला इशारा करतो, चूप!

माझं डोकं फिरलं. मी मुद्दाम दारात उभा राहून ओरडलो, "मी तिकडं मरून राह्यलो आन् तू इकडं बाजा ऐकून राह्यला! काऊन? मीच काऊन?" आणखीही बोललो, ते लिहीत नाही. बाजूचे लोक बाहेर आले.

दादाने रेकॉर्डिंग बंद केलं.

दादा आपल्या तुकड्यांना मनानेच नावं द्यायचा. 'भाकर करपली', 'मामा बोलले नाई', 'बस चुकली पण बरं झालं', अशी. सिनेमाचं नाव कधी लिहायचा नाही. पुढे एकदा त्याच्या मोबाईलमध्ये मी तो तुकडा शोधला. माझ्या शिव्यांसकट त्याने ठेवला होता. नाव दिलं होतं, 'बाल्या बरोबर हाय'.

*

मागच्या साली ब्रह्मपुरीच्या एका दवाखान्यात होता. वॉर्डात भिंतीवर टीव्ही. दादा दुखण्याने डोळे मिटून पडलेला, आणि डोळे मिटूनच सांगायचा, "आता सासू येईल." सासू यायची! "आता हे खोटं बोलते." आणि ती खोटं बोलायची! सगळा वॉर्ड त्याच्याकडे पाहून टीव्ही पाहायला लागला. सिस्टरसुद्धा सुई लावता लावता विचारायची, "हा तिला सोडतो का हो?"

समोरच्या खाटेवर एक म्हातारी बाई होती. तिला आणून टाकल्यापासून तिचा मुलगा फिरकला नव्हता. ती म्हणाली, "बापू, माहा पोरगा कधी येते, सांग ना."

दादाने डोळे उघडले नाहीत. थोडा वेळ ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाला, "येऊन राह्यला बाई. आता येतेच."

मुलगा आला दोन दिवसांनी. बाई दादाला म्हणाली, "तुह्या सिनेमाले जाहिराती लय हायेत रे!"

*

या वेळी गडचिरोलीच्या दवाखान्यात होता. तिथे त्याच्या वॉर्डात टीव्ही नव्हता. पाच दिवस झाले होते आणि मी, वहिनी आळीपाळीने राहत होतो.

वहिनीची ती नदीवाली मालिका संपली होती. तिने शेवटचा भाग आधीच पाहिला होता. ती दादाला म्हणाली, "शेवटी ते बाई नदीतून डोंग्यात बसून जाते. चार मिनिटं कोणीच बोलत नाई. नुसतं वाजते."

दादा उठून बसायला लागला. "चार मिनिटं? कोणीच नाई?"

रविवारी दुपारी तो भाग पुन्हा दाखवणार होते. दादा मला म्हणाला, "तू घरी जा. इथं वहिनी हाय. तू चोख आण."

मी शनिवारीच घरी आलो. रविवारी सकाळपासून तयारी. कुकर लावला नाही. बाबाने बकऱ्या तलावाच्या पाळीवर नेल्या आणि स्वतःही तिकडेच थांबला, म्हणाला, "मले खोकला येते, माहा भरोसा नाई." चक्कीवाल्याने चक्की बंद ठेवली. विलासभाऊ नागभीडवरून आला आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिला. एक ट्रॅक्टर आला, तो त्याने हात आडवा करून थांबवला.

"काऊन गा?"

"रेकॉर्डिंग चालू हाय."

"कोणाची?"

"दादाची."

ट्रॅक्टरवाल्याने इंजिनच बंद केलं. आमच्या गल्लीत मी भर दुपारी इतकी शांतता कधी पाहिली नव्हती.

डोंगा निघाला. वाजायला लागलं. मी श्वास रोखून मोबाईल धरला होता, रिंगचा आवाज बंद करून. अर्धं मिनिट झालं असेल, स्क्रीनवर वहिनीचं नाव आलं. उचलला असता तर रेकॉर्डिंग तुटलं असतं. मी कापला.

पुन्हा आलं. कापला.

तिसऱ्यांदा आलं. मला वाटलं, दादाच वहिनीच्या फोनवरून विचारत असेल, झालं काय म्हणून. दम नाही त्याला! मी कापला.

डोंगा पार दिसेनासा झाला. चार मिनिटं पूर्ण. त्यात कोणी म्हणजे कोणी नाही. बाहेर जाऊन मी विलासभाऊला हात दाखवला, त्याने ट्रॅक्टरवाल्याला दाखवला. ट्रॅक्टर सुरू झाला. मग मी वहिनीला फोन लावला.

वहिनीने विचारलं, "झालं काय रेकॉर्ड?"

मी म्हटलं, "चोख झालं."

ती म्हणाली, "घेऊन या मग."

विलासभाऊने मोटारसायकल काढली. वॉर्डात पोहोचलो तेव्हा दादाच्या तोंडावर चादर होती. स्ट्रेचर आणून ठेवलं होतं. वहिनी खाटेच्या कडेला बसलेली होती, तिने माझ्याकडे नुसता हात पुढे केला. मी मोबाईल तिच्या हातात दिला नाही. मी चादर बाजूला केली.

स्ट्रेचरवाला भाऊ म्हणाला, "किती वेळ लागन?"

"चार मिनिटं."

तो भिंतीला टेकून उभा राहिला. बाजूच्या खाटेवरच्या माणसाने आपल्या पोराला सांगितलं, "चूप राहा."

मी दादाच्या दोन्ही कानांत इअरफोन नीट बसवले. आवाज थोडा कमी केला, कारण त्याला मोठा आवाज सहन होत नसे. आणि सुरू केलं.