पटलं की उठायचं

दुपारच्या बॅचला माझ्या क्लासमध्ये सगळ्यांच्या डोळ्यांवर झापड असते. उस्मानपुऱ्यातल्या एका मेडिकल दुकानावरची खोली, खिडकीत कडुनिंब, आणि पंखा असा फिरतो की वारा कमी नि गुंगी जास्त. पानांतून गाळून आलेल्या त्या हिरवट उजेडात इंग्रजी शिकवताना मला कधी कधी वाटतं, आपण झोपेतच बोलतोय. म्हणून मी वर्गात एक खुर्ची ठेवली आहे.

निळी, प्लॅस्टिकची, एका हाताला चीर गेलेली. तिचा नियम साधा. बसेल त्यानं आधी नाही म्हणायचं, बाकीच्यांनी त्याला इंग्रजीतून गळ घालायची, आणि खरंच पटलं की त्यानं उठायचं. उगाच मन राखायला कुणी उठलं तर मी हात धरून परत बसवते, मग तो कितीही मोठा साहेब असो. शिकून गेलेली माणसं रस्त्यात भेटली की व्याकरणाचं नावसुद्धा काढत नाहीत, पण खुर्ची आहे का अजून, हे हमखास विचारतात.

नवीन माणूस आला की ‘मस्ट’ घेऊनच अंगावर येतो. यू मस्ट बाय, यू मस्ट कम. चिकलठाण्याच्या एका कंपनीत सुपरवायझर असलेला माझा एक विद्यार्थी तर पोह्यांवर शेव टाकावी तसं प्रत्येक वाक्यावर ‘डेफिनेटली’ टाकायचा. मी वैतागायचे. अहो, तुम्ही समजूत घालताय की वॉरंट बजावताय? ‘मस्ट’ म्हटलं की समोरचा पाय रोवतो. ‘शुड’ म्हटलं तर निदान ऐकून घेतो. आणि ‘माइट’ म्हटलं की त्याला वाटतं, ठरवायचं आपल्याच हातात आहे. तिथंच तो निम्मा तुमच्याकडं येतो. क्रियाविशेषण एखादंच ठेवा, तेही तुम्हाला स्वतःला खरं वाटत असेल तरच. असं सगळं मी तावातावानं शिकवायचे, आणि क्लास सुटला की जिन्यातूनच आईला फोन लावून म्हणायचे, की तुला आता इकडं यायलाच पाहिजे, म्हणजे पाहिजेच.

आई खुलताबादला एकटी राहते. वडील गेल्यापासून त्या दोन खोल्यांत तीच. मागं ती न्हाणीत पाय घसरून पडली. शेजारीण ताक मागायला आली म्हणून कळलं, नाहीतर किती वेळ तशीच पडून राहिली असती कोण जाणे. मनगट मोडलं, तेवढ्यावर निभावलं. पण माझ्या मनातून ती ओली न्हाणी जाईना. वर्गात शिकवता शिकवता मला तिथला पितळी तांब्या गडगडत गेलेला ऐकू यायचा. मी तिथं नसताना तिला काही झालं तर, ह्या भीतीनं मी अक्षरशः पोखरून निघाले होते.

ती मात्र फोनवर एकच म्हणायची, बघू. मला कारण माहीत होतं, किंवा तसं वाटत होतं. लेकीच्या घरी जाऊन राहायचं तर लोक काय म्हणतील, दुसरं काय! त्यावर माझी उत्तरं पाठ होती. माझ्या नवऱ्यानंही तिला स्वतः फोन करून सांगितलं होतं, की आई, हे घर तुमचंच आहे. तरी बघूच.

दर रविवारी मी बसनं खुलताबाद गाठायचे. दौलताबादचा घाट चढला की हवा बदलते. टेकड्यांवर सीताफळीची झाडं, त्यांच्यावर विरळ धुकं. माझ्यातली मास्तरीण तिथंच कुठंतरी उतरून जायची. घरी पोचले की आई भाकरी वाढायची, मग मधल्या दारात सतरंजी टाकायची, आणि मी आडवी व्हायचे. तिला समजवायचं म्हणून आलेली मी, पण डोळे मिटत यायचे. दर्ग्याकडून कसलासा गलका यायचा, आई दार अर्धं लोटून माझ्या तोंडावरचं ऊन अडवायची, तिच्या बांगड्या वाजायच्या, आणि मग काहीच नसायचं. एरवी कुकरच्या शिट्टीनं दचकणारी मी तिथं दिवेलागणीपर्यंत झोपायचे. उठायचे तेव्हा परतीची बस पकडायची घाई, आणि समजवायचं तसंच राहायचं.

मग प्लास्टर काढायला मी तिला शहरात आणलं. दोन दिवस माझ्याकडं राहिली. घरी एकटी कशाला ठेवायची, म्हणून दुपारी क्लासला सोबत नेलं. पिशवीतली सीताफळं सगळ्यांना वाटून ती मागच्या बाकावर बसली, आणि निळी खुर्ची दिसल्यावर ती कशाला हे तिनं विचारलं. सुपरवायझरनं तिला नियम समजावून सांगितला. तिला फार मजा वाटली. पदर सावरत ती उठली आणि सरळ खुर्चीत जाऊन बसली.

वर्गाची झोपच उडाली. काय पटवायचं हे कुणाला सांगावं लागलं नाही, कारण माझं दुखणं सगळ्यांना ठाऊक होतं. नर्सिंगची परीक्षा देणारी एक मुलगी म्हणाली की आजी, तुम्ही पुन्हा पडू शकता, एकटं राहू नये. सुपरवायझरनं तर कमाल केली. त्या दिवशी एकही ‘डेफिनेटली’ नाही. हळू आवाजात म्हणाला, ‘आजी, यू माइट लाइक इट हिअर.’ मी ते आईला मराठीत सांगत होते, ती मान हलवत होती, गालात हसत होती, आणि उठत काही नव्हती.

शेवटी मी पुढं झाले. इंग्रजी सोडलं. तू यावंस असं वाटतं, अशी नीट सुरुवात केली, पण पुढचं काही जमलं नाही. तू पडलीस आणि मी नव्हते गं, एवढंच म्हणाले. अख्ख्या वर्गासमोर. लोकांना भितेस का, असंही विचारलं. लोकांचं काय घेऊन बसलीस, म्हणत आई हसली, आणि खुर्चीतून उठली.

सुपरवायझरनं टाळी वाजवली. मला तर विश्वासच बसेना. पण आईनं माझा दंड धरला आणि मलाच खुर्चीत बसवलं.

‘आता माझं ऐक,’ ती म्हणाली. ‘माझ्याकडं आलीस की दोन घास खातीस, अन् अंग टाकून झोपतीस. दोन दिस झाले बघायले मी, तुझ्या घरात तुझी पाठ टेकत नाय. मी हितं आले तर तू झोपायला कुठं जाशील गं?’

पंखा फिरत होता. नियमाप्रमाणे मी आधी नाही म्हणायला हवं होतं. मला तो अर्ध्या लोटलेल्या दाराचा गारवा आठवला. माहेर, माहेर म्हणतात ते एवढंच असतं, आणि ते राखायला ही बाई तिथं एकटी बसली आहे. मग मी उठले.

पुढच्या रविवारी सुपरवायझर माझ्यासोबत खुलताबादला आला आणि न्हाणीत धरायला लोखंडी दांडी बसवून गेला. भिंतीत ड्रिल चालताना साऱ्या गल्लीत आवाज घुमला, असं आई नंतर सांगत होती. मला काही ऐकू आलं नाही. मी झोपले होते.