कुप्रसिद्ध खुनी आणि आमचं विरजण

ऐंशीच्या दशकात आमच्या पार्ल्याच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांत जास्त विचारपूस होई ती खुन्यांची. घरच्या आजाऱ्याला कोणी एवढं विचारत नसे. माझे बाबा ऑफिसातून येताना सांजचं वर्तमानपत्र घेऊन येत आणि चपला काढता काढता जाहीर करत, "अजून सापडला नाही हं!" तो म्हणजे फूटपाथवर झोपलेल्यांच्या डोक्यात दगड घालणारा. तो शहरात मोकळा फिरत होता, आणि तिसऱ्या मजल्यावर कड्या-कुलपं लावून झोपणारे आम्ही त्याला घाबरत होतो. फूटपाथवर झोपणाऱ्यांना काय वाटतं, ते विचारावं असं कोणाला सुचलं नाही.

बाबांचं दुःख वेगळंच होतं. त्या माणसाला हेतू नव्हता. "पैसा नाही, बाई नाही, जमीन नाही. मग मारतो कशाला?" पोळीचा तुकडा हातात तसाच धरून ते विचारत. हेतूशिवाय खून म्हणजे त्यांना मिठाशिवाय पिठलं. चांगल्या घरातल्या, शिकलेल्या खुन्यांवर तर त्यांचा विशेष लोभ. "डोकं होतं हो, वाया घालवलं," असं ते नापास झालेल्या भाच्याबद्दल बोलावं तसं बोलत. तळमजल्यावरच्या मालवणी काकूंना मात्र हे कोडं कधी पडलं नाही. "मेल्याक कामधंदो नाय, आनी काय," एवढ्यावर त्या केस निकालात काढत.

त्याच पेपरात आतल्या पानावर अधूनमधून चार ओळी असत. स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. बाबा ते पान उलटत. "अपघात तो. त्यात कसला आलाय हेतू?" त्या काळचे स्टोव्हही मोठे समंजस. सासूच्या हातात गरीब गाय, नवऱ्याने चहा टाकला तरी शांत. भडका उडायचा तो सुनेच्याच हातात, आणि तोही माहेरून काहीतरी यायचं राहिलेल्या सुनेच्या. स्टोव्हला एवढं कळत असे, बाबांना कळत नसे.

आमच्या भिंतीपलीकडे एक सासूबाई, त्यांचा मुलगा आणि वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली सून राहत. मुलगा साकीनाक्याला एका कारखान्यात सुपरवायझर होता. लग्नात स्कूटर ठरली होती आणि मुलुंडच्या शाळामास्तर बापाकडून ती काही आली नव्हती. हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, भिंतीनेच सांगितलं. तिन्हीसांजेला दिवा लागला की सासूबाईंचं स्तोत्र सुरू होई. स्तोत्र संपलं की स्कूटर. मग मुलगा कामावरून येई, आणि मग थपडा. सगळ्या मजल्यांवर रेडिओचे आवाज एकदम वाढत. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये, हा आमच्याकडचा मोठा संस्कार. दगडवाल्याच्या बाबतीत तो लागू नव्हता, कारण त्याला घर नव्हतं.

"संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच," बाबा म्हणाले.

"दोन भांडी लागली की दोन्ही वाजतात," आई म्हणाली. "इथे एकच वाजतंय."

आणि ती रिकामी वाटी घेऊन शेजारी गेली. विरजण मागायला. आमच्या फडताळात दह्याचं भांडं भरलेलं होतं, आणि तिन्हीसांजेला घरातलं विरजण बाहेर देत नाहीत, हे तिला चांगलं ठाऊक होतं. सासूबाई तर सोवळ्या-ओवळ्याच्या पक्क्या. त्या म्हणाल्या, "अहो, दिवेलागणीला कोणी विरजण देतं का? लक्ष्मी जाते घरातली."

"असू दे, मी थांबते," असं म्हणून आई त्यांच्या सोफ्यावर बसली.

दिवेलागण पुरती सरेपर्यंत ती बसून राहिली. परक्या बाईसमोर हात उगारायचा नाही, एवढी सभ्यता त्या घरात होती. शिकलेले लोक होते. मग हे नेहमीचंच झालं. आवाज चढला की आई पोळपाट-लाटणं सोडून वाटी उचलायची. तिला दही लावता येत नाही, अशी बिल्डिंगभर ख्याती झाली. बाबांना त्याची लाज वाटे. मला बाबांची वाटे.

गणपतीच्या थोडं आधी आई अशीच एकदा गेली आणि चेहरा पांढरा करून परत आली. त्यांच्याकडे गॅस होता, वर भरलेलं जादा सिलिंडर. तरी माळ्यावरचा स्टोव्ह खाली काढून, घासून-पुसून ओट्यावर ठेवला होता. शेजारी रॉकेलचा डबा.

"गॅस संपला तर असावा म्हणून काढला असेल," बाबा म्हणाले.

"असेल," आई म्हणाली. त्या रात्री ती जेवली नाही.

आमच्या गणेशोत्सवात दरवर्षी एक व्याख्यान असे. आदल्या वर्षी मधुमेह आणि आहार यावर झालं होतं. श्रोते मोजकेच, आणि तेही मोदक खात बसलेले. म्हणून त्या वर्षी बाबांच्या आग्रहावरून अंधेरीचे एक निवृत्त पोलीस अधिकारी बोलावले. फळ्यावर खडूने रंगीत अक्षरं काढली: कुप्रसिद्ध खुनी आणि त्यांचे हेतू. मांडव खच्चून भरला. ज्यांनी कधी आरतीला तोंड दाखवलं नव्हतं, तेही पहिल्या रांगेत. लाउडस्पीकरची व्यवस्था शेजारच्या सासूबाईंच्या मुलाकडे होती, छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला. सून बायकांच्या बाजूला सासूबाईंना चिकटून बसली होती. एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचं ब्लाउज.

अधिकारी छान बोलले. बाबांनी हेतूवर तीन प्रश्न विचारले, तिन्हींची उत्तरं स्वतःच दिली. सेक्रेटरी आभार मानायला उठणार, एवढ्यात आई उभी राहिली. हळदीकुंकवात उखाणा घ्यायलाही लाजणारी माझी आई.

"घरात खून व्हायचा असला, तर शेजाऱ्यांना आधी कळतं का हो?"

माइक नेमका तेव्हाच बंद पडला. पण त्या माणसाच्या आवाजाला माइकची गरज नव्हती. "बाई, शेजाऱ्यांना आधी माहीत नव्हता, असा घरातला खून मी नोकरीत पाहिला नाही. फक्त आम्ही विचारायला जातो, तेव्हा सगळे नेमके त्या दिवशी गावाला गेलेले असतात."

कोणी हसलं नाही. कोणी सासूबाईंकडे पाहिलंही नाही, आणि एवढी माणसं इतक्या काळजीपूर्वक पाहत नाहीत, तेव्हा ते दिसतंच. सेक्रेटरींनी घाईघाईने शाल-श्रीफळ उरकलं.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला भिंतीपलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला, मग सुनेचं एक ओरडणं, आणि मग काहीच नाही. आईने वाटी उचलली. ती दारात पोचते तो जिन्यावरून मालवणी काकू धापा टाकत वर आल्या. त्यांच्या हातात वाटी. मागोमाग पहिल्या मजल्यावरच्या दोघी, वरच्या मजल्यावरून उतरलेली मास्तरीण, सगळ्या वाट्या घेऊन. एकाच संध्याकाळी सगळ्या बिल्डिंगचं विरजण संपलं होतं. रेडिओ कुठलाच लागला नव्हता. सगळ्यांत मागे बाबा उभे होते. त्यांच्या हातात चहाचा कप होता, कारण घरात वाट्या कुठे असतात हे त्यांना माहीत नव्हतं.

मुलाने दार उघडलं. "हे काय चाललंय?"

"काय नाय रे. विरजाण होया," काकू म्हणाल्या आणि त्याला बाजूला सारून आत शिरल्या.

"दिवेलागणीला..." सासूबाई बोलू लागल्या.

"ठाऊक आहे. आम्ही थांबतो," आई म्हणाली. आणि सगळ्या बसल्या. सोफ्यावर, खुर्च्यांवर, जमिनीवर.

सून स्वयंपाकघरातून आली. तिचा पदर भिजलेला होता आणि खोलीभर रॉकेलचा वास पसरला. स्टोव्ह भरताना सांडलं, सासूबाई म्हणाल्या. आईने उठून तिचा हात धरला. "चल, साडी बदल माझ्याकडे." आमच्या दाराची कडी बाबांनी स्वतः लावली आणि रात्रभर दारापाशी खुर्ची टाकून बसले. सकाळी मुलुंडहून तिचे वडील आले. ती त्यांच्याबरोबर गेली, आणि पुन्हा कधी परत आली नाही. माझ्या आईमुळे ती जगली. हे मी उपरोधाने लिहीत नाही.

त्या दिवाळीनंतर बाबा एकदा पेपर वाचत होते. दगडवाला अजून सापडला नव्हता, पण ते त्याच्यावर थांबले नाहीत. आतलं पान. चार ओळी. घाटकोपर, स्टोव्ह, विवाहिता. त्यांनी पान उलटलं नाही. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

"हेतू काय म्हणे?" मी मुद्दाम विचारलं.

"शेजारी कोण राहतं," ते म्हणाले, "ते छापलेलं नाही."