दामले काका आणि डेड एअर

अमेरिकेतल्या श्रूजबरी गावच्या दामले काकांकडे निवांत जेवायची सोयच नव्हती. पंगतीत सगळे क्षणभर गप्प झाले, की काका दचकून घड्याळाकडे बघत आणि खणखणीत आवाजात सुरू होत, "आज आकाश अंशतः ढगाळ. संध्याकाळी पावसाच्या सरी. वरणात मीठ योग्य प्रमाणात." काकू कपाळावर हात मारून घेत. मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहणारा विद्यार्थी. पहिल्या दिवशी मला वाटलं, टीव्ही चालू राहिलाय.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला काका जवळच्याच एका छोट्या टीव्ही स्टेशनात कंट्रोल रूम सांभाळत. कार्यक्रम नेटवर्ककडून न्यूयॉर्कहून यायचे, ह्यांनी ते पुढे घरोघरी सोडायचे. एका संध्याकाळी न्यूयॉर्कची लाइनच गेली. पडदा काळा, आवाज बंद, आणि काका नुसते बघत उभे! "डेड एअर! अरे, टीव्हीवाल्याला याहून मोठं पाप नाही. लोकांना वाटतं आपलाच सेट गेला. बिचारे त्याला थपडा मारत बसतात." शेवटी साहेबानं धावत येऊन माइकवर सांगितलं, 'सेटला हात लावू नका, बिघाड आमच्याकडे आहे, कृपया थांबा.' काकांनी पुढे नोकरी बदलली, निवृत्तही झाले, पण ती शांतता काही त्यांच्या मानगुटीवरून उतरली नाही.

मग इथल्या मराठी मंडळातल्या जोशी मावशींची शोकसभा मंडळाच्या हॉलमध्ये झाली. श्रद्धांजलीसाठी सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे. काकांच्या कपाळावर घाम. निम्मा वेळही गेला नसेल, तोच हॉलभर आवाज घुमला, "उद्या हवामान कोरडं राहील!" पुढच्या रांगेतल्या मुलीनं आईला विचारलं, "मम्मी, इज धिस पार्ट ऑफ द पूजा?"

परतताना गाडी मी चालवत होतो. काकू म्हणाल्या, "जन्मभर ऐकतेय. मला दोन मिनिटं शांतता हवीय हो, बाकी काही नको. मी चालले एडिसनला, लेकीकडे. कायमची. तुमचं हवामान तुम्हीच ऐका." आणि बाई खरंच गेल्या.

काकांनी घरात टीव्ही लावला, रेडिओ लावला, शेवटी रिकामा मिक्सर फिरवत बसले. मी म्हटलं, "काका, फोन करा आणि सरळ सॉरी म्हणा ना."

"त्याचं स्क्रिप्ट नाही रे माझ्याकडे."

तरी केला फोन. पलीकडे काकू काही बोलेनात. काकाही बोलेनात. इतकी लांब शांतता मी त्यांना सोसताना कधी पाहिली नव्हती. रिसीव्हर कानाला लावून ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "सेटला हात लावू नकोस. बिघाड आमच्याकडे आहे. कृपया थांब."

रिसीव्हरमधून काकूंचा आवाज माझ्यापर्यंत आला, "जेवलात का?" दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. त्याच हॉलमध्ये, त्यांच्या फोटोसमोर आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो. कुणी खोकलंसुद्धा नाही. काकूंना हवी होती ती शांतता अखेर मिळाली होती, आणि मला ती अजिबात सहन होत नव्हती. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी दचकून भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर टाकली.

"आज आकाश अंशतः ढगाळ," काकू म्हणाल्या. बाहेर गुडघाभर बर्फ पडला होता. "संध्याकाळी पावसाच्या सरी."

मग पदर तोंडाला लावला, आणि कसाबसा आवाज सावरला.

"वरणात मीठ योग्य प्रमाणात."