रेडिएटरमधली फुलपाखरं

ब्याण्णव-त्र्याण्णव साली बहरीनला असताना मी तुबलीतल्या एका गॅरेजात गाडी न्यायचो. तिथला मेकॅनिक रत्नागिरीकडचा होता. नाव मी कधी विचारलं नाही. दर मार्चमध्ये लांबून उडत येणारी फुलपाखरं गाड्यांच्या रेडिएटरला चिकटून मरत. बाकीचे पाण्याचा फवारा मारून मोकळे होत. हा मात्र जुन्या टूथब्रशने एकेक सोडवून फडक्यावर ठेवायचा.

"आधी ओंजळ भरायची," तो एकदा म्हणाला. "आज तीन."

आदल्याच दिवशी आम्हा मित्रांत वाद झाला होता, या फुलपाखरांना कायद्याचं संरक्षण द्यावं की नाही. मी तावातावाने कायद्याच्या बाजूने बोललो होतो. तेच त्यालाही ऐकवलं.

"कायदा आमच्यासाठी पण हाय, साहेब," ब्रश न थांबवता तो म्हणाला. "तरी पासपोर्ट मालकाच्या कपाटात. आई गेली तेव्हा मागितला, तर म्हणाला, इंशाल्ला. अजून तिथंच हाय."

मग हात पुसून त्याने माझा किल्ल्यांचा जुडगा परत दिला. त्यात गाडीच्या किल्लीशेजारी ऑफिसातल्या कपाटाची किल्ली होती. आमच्या मजुरांचे पासपोर्ट त्या कपाटात मीच ठेवायचो.